तुळशीच्या देवळीतून

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी तोंडावर सांगायला नको. पालीला भिते, विजेला भिते, आंबेनळी घाटात एसटी वळली की डोळे मिटून घेते. सासू म्हणते, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तुज्या पाठी तर त्यांची वरातच हाय." पण डोंगराची भीती माझी एकटीची नाही. पोलादपूरच्या वर ज्या वाड्या आहेत, त्या सगळ्यांच्या पोटात ती असते. पावसाळ्यात आम्ही एक कान मागच्या भिंतीला लावून जेवतो. कुठली वाडी दरडीखाली गेली, तिचं नाव आमच्याकडे दिवेलागणीनंतर कोणी घेत नाही.

आमच्या वाडीच्या दोन आळ्या. खालची आळी शाळेजवळ, सपाटीला. वरची डोंगराच्या अंगावर, आणि आमचं घर तिथं. घरात सासू, मी आणि माझी सहावीतली लेक. नवरा मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे. शिमग्याला आणि गणपतीला येतो, अंगणात उभा राहून छाती फुगवतो आणि म्हणतो, "काय हवा हाय गावाची!" हवा म्हणे. तू आषाढात एक महिना राहून दाखव, मग हवेचं बोलू.

पोलादपूरला एका संस्थेनं बायकांना व्हिडिओ शिकवायचा वर्ग काढला. मी काही हौसेनं गेले नाही. बचत गटात कोणीतरी नाव द्यायचं होतं, आणि मी त्या दिवशी उशिरा पोचले, म्हणून माझं दिलं. शिकवायला पुण्याची एक बाई यायची. बोलायला गोड, कामाला खाष्ट. पहिल्या दिवशी आमचे सगळ्यांचे हात असे थरथरत होते, की व्हिडिओत भूकंप झाल्यासारखं दिसत होतं. बाई म्हणाली, "बटण दाबलं की श्वास धरून ठेवा." मला ते लगेच जमलं. श्वास धरून जगायची सवय होतीच.

तिच्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या बसल्या. एक म्हणजे, चित्र घेण्याआधी त्याच्या चारी कडा बघायच्या. "मधे तुम्हाला दाखवायचं असतं ते असतं," ती म्हणायची. "लपवायचं असतं ते कडेला सांडलेलं असतं." वर्गातल्या एकीनं घरच्या जेवणाचा व्हिडिओ आणला होता. मधे वाफाळता भात, तांदळाची भाकरी, सगळं छान. आणि कडेला कोणाचा तरी हात, ताट दूर ढकलणारा. आम्ही आधी हसलो. मग ती बाई खाली बघायला लागली आणि आम्ही गप्प झालो.

दुसरी गोष्ट म्हणजे पावसाळ्यात करायचा अभ्यास. एक जागा धरायची आणि दर आठवड्याला तिथूनच, तेच चित्र घ्यायचं. फोन तसूभरही इकडे तिकडे झाला नाही पाहिजे. शेवटी सगळी चित्रं एकामागे एक लावायची आणि काय बदललं ते बघायचं.

स्टँड घरी न्यायला मिळत नव्हता. मी घरभर शोधलं आणि शेवटी अंगणातल्या तुळशीवृंदावनाकडे लक्ष गेलं. सिमेंटचं पक्कं वृंदावन, सासऱ्यांनी बांधून घेतलेलं. त्याला दिवा ठेवायला उगवतीकडे तोंड करून एक आरपार देवळी आहे. पणती बाजूला केली की फोन तिच्यात आडवा असा बसतो, जणू मापानंच केली होती. समोर घळीपलीकडे कातळावर ग्रामदेवीचं देऊळ. बरोब्बर मधोमध. उजव्या हाताला दरी, डाव्या हाताला डोंगर.

सासूनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगो, तुळशीत फोन? उद्या देव्हाऱ्यात मिक्सर ठेवशील!" पण मग दर आठवड्याला ती स्वतःच पणती उचलून घ्यायची. मी बाहेरची असले की तुळशीला हात लावायची सोय नव्हती, तेव्हा लेक फोन ठेवायची आणि मी पडवीतून ओरडून सांगायची. संध्याकाळी मी दिवा लावला की सासूची कुरकुर सुरू व्हायची. "तुला पणती धड ठेवता येत नाय. रोज तेल सांडतं. बघ कसा ओघळ गेलाय दरीच्या अंगाला." मी कधी उत्तर द्यायची, कधी नाही. सासूच्या प्रत्येक बोलण्याला उत्तर द्यायचं तर माणसानं दुसरं काही करूच नये.

आषाढ सरत आला. वर्गात माझ्या शेजारी महाडची एक मुसलमान मैत्रीण बसायची. नवरा आखातात, घर नदीकाठच्या गल्लीत. पुराचं पाणी तिच्या भिंतीवर कुठवर चढलं होतं, त्या रेघेवर तिनं व्हिडिओ केला होता. चित्रं जोडायच्या कामात तिचा हात आमच्या सगळ्यांच्या पुढे. तिनं माझी चित्रं एकामागे एक लावली आणि चालवली. हिरवं वाढलं, धुकं आलं, धुकं गेलं. मग ती थांबली. पुन्हा चालवली.

"अगो," ती म्हणाली, "ह्यो देऊळ कलतोय काय?"

मी बघितलं. कळस सरळ होता, तो हळूहळू डावीकडे झुकत गेला होता. शेवटच्या चित्रात तर न बघणाऱ्यालाही दिसावं इतका. गावाची देवी, आणि तिचं घर कलतंय! मी दुसरा विचार केला नाही. तो व्हिडिओ मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, देऊळ कलतंय, लवकर काहीतरी करा.

आमच्यासारख्या वाडीत मुंबईकर मंडळ म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गावात राहतो आम्ही, पण गाव चालवतात ते. देवळाचा रंग, पालखीची वाट, कोणाला वाळीत टाकायचं आणि कोणाला परत घ्यायचं, सगळं मुंबईच्या एका खोलीत ठरतं. त्या दिवशी फोनवर फोन आले. देवीचा कोप झाला म्हणून कोणी गाऱ्हाणं घालायला सांगितलं. कोणी विचारलं, कुठल्या घरात विटाळ पाळत नाहीत? हा प्रश्न ऐकून मी भाजी चिरता चिरता थांबले. वाळीत टाकलेल्या घरातला माणूस मेला, तर खांदा द्यायलाही कोणी येत नाही. आणि माझ्या घरात सत्तरीची सासू.

पाऊस जरा उघडला तशी गावकी देवळापाशी जमली. गवंड्यानं कळसापासून ओळंबा सोडला. एकदा सोडला, दुसऱ्या बाजूनं सोडला. देऊळ नाकासारखं सरळ. कातळावरचं बांधकाम, त्याला काय होतंय? गावकीचे म्होरके माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "वहिनी, देऊळ सरळ हाय. तुमचा फोन वाकडा हाय." सगळे हसले. एकानं विचारलं, फोन ठेवला कोणी? लेकीचंही नाव निघालं. म्हणे पोरीनं तिरका ठेवला आणि आईनं गाव पेटवला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला देवीपुढं नारळ ठेवायला लावला, चूक झाली असं सगळ्यांसमोर म्हणायला लावलं. मी म्हटलं. नाक घासलं म्हणा ना. नवऱ्याचा फोन आला, "कोणी सांगितलेत तुला हे उद्योग? हिते मला तोंड दाखवायला जागा नाय." मी म्हटलं, "मग मास्क लाव," आणि फोन ठेवला. नंतर चुलीपुढं बसून रडले. पण खरं सांगते, रडता रडता हायसंही वाटत होतं. देऊळ सरळ आहे. काही झालेलं नाही. मी वेडी, एवढंच ना? वेडी तर वेडी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावायला गेले. मनात राग होता, म्हणून त्या दिवशी पणती अगदी बघून बघून ठेवली. म्हटलं आज ओघळ जाऊ देत नाही, सासूला बोलायला जागाच ठेवत नाही. तेल घातलं. आणि बघते तर तेल पणतीत उजव्या बाजूला गेलेलं. डावी बाजू कोरडी, उजवीकडे काठोकाठ. पणती फिरवून ठेवली. तेल पुन्हा उजवीकडे. दरीकडे.

मी तिथंच उकिडवी बसले होते. माझी मान आपोआप उजवीकडे कलली, तेलाकडे बघायला. आणि नजर वर गेली तर समोरचं देऊळ मला डावीकडे कललेलं दिसलं.

देऊळ कलत नव्हतं. आम्ही कलत होतो. वृंदावन, अंगण, घर, घरात पाटावर बसून अभ्यास करणारी माझी लेक, आम्ही सगळे दरीकडे चाललो होतो, आणि मी गावभर सांगत सुटले होते की देऊळ चाललंय. काखेत कळसा नि गावाला वळसा. सासू रोज सांगत होती, तेल सांडतंय. रोज. आणि मला ती कुरकुर वाटत होती.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार कोणाला? कालच नारळ ठेवला होता. आज परत म्हणायचं, आता मी कलतेय? गावकीनं वाळीतच टाकलं असतं. एक भीती म्हणायची ओरड, दुसरी म्हणायची गप बस.

महाडच्या मैत्रिणीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाणी येताना सांगून येतं गो. पायरीला लागतं, मग उंबऱ्याला लागतं. डोंगर नाय सांगत. तुला सांगतोय तर ऐक." आणि मग तिच्यातली व्हिडिओवाली जागी झाली. "एकट्या तुझ्या तुळशीचं कोणी ऐकायचं नाय. सगळ्यांच्या तुळशींचं घे."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी वरच्या आळीत घरोघर गेले. डोंगराचा शब्द काढला नाही. म्हटलं, वर्गासाठी दिव्यांचा व्हिडिओ करायचाय. बायका खूश. कोणी पदर नीट केला, कोणी घासलेली पणती काढली. प्रत्येकीच्या वृंदावनात पणती ठेवली, काठोकाठ तेल घातलं, आणि मी श्वास धरून चित्र घेत गेले. शेवटच्या घरी सगळ्या जमल्या आणि म्हणाल्या, दाखव की. मी दाखवलं. पणतीमागून पणती. प्रत्येकीत तेल एकाच अंगाला, दरीच्या.

ओळंबा काय म्हणतो ते आमच्या बायकांना विचारावं लागलं असतं. पणतीतलं तेल काय म्हणतं, ते कोणाला विचारावं लागलं नाही. एकीनं नुसतं पोराला कडेवर घेतलं आणि खालच्या आळीच्या वाटेला लागली. मागोमाग बाकीच्या.

पुरुष माणसं दुसऱ्या दिवशी आली, कशी नाही येणार? चुली बंद होत्या. सगळ्यांनी आपापल्या तुळशीत तेल घालून बघितलं. म्होरके माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळा उघडा." तालुक्याहून माणसं आली, घरामागं रान कापून बघितलं. तिथं जमिनीला चीर होती, आळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावसात वर राहू नका, म्हणाली. नवऱ्यानं रजा काढली, धावत आला. ह्या खेपेला हवेबद्दल बोलला नाही. महाडजवळ बिरवाडीला कामगारांच्या खोल्यांत एक खोली बघून दिली आणि आम्ही तिथं आलो.

डोंगर मात्र त्या पावसाळ्यात आला नाही. अजूनही आलेला नाही. माझी गत काय झाली सांगू? डोंगर आला तर मी खरी, नाही आला तर मी खोटी. गावचे लोक भेटले की विचारायचे, "काय वहिनी, कधी येतोय तुमचा डोंगर?" आणि मी रोज देवीला हात जोडून सांगायची, बये, मला खोटी ठेव. जन्मभर खोटी ठेव.

बिरवाडीत मी बारशाचे, हळदीचे व्हिडिओ करायला लागले. कामं मिळतात, भाडं निघतं. पण सासूचा जीव त्या खोलीत घुसमटायचा. खिडकीत डब्यात तुळस लावली, तर म्हणाली, "ही काय तुळस? हॉटेलातली कोथिंबीर हाय." दिवाळी झाल्यावर तिनं हट्टच धरला. उन्हाळाभर राहीन, पावसाआधी येईन. आळीतली आणखी दोन घरं परत वर राहायला गेली होती, म्हणून मी हो म्हटलं. अट एकच घातली. रोज दिवा लावला की पणतीचा फोटो पाठवायचा. लेकीनं तिला शिकवलं. पहिल्या फोटोत नुसता अंगठा आला. दुसऱ्यात अर्धा अंगठा आणि अर्धी पणती. पुढं चांगली तयार झाली. रोज दिवेलागणीला माझा फोन वाजायचा आणि मी हातातलं टाकून आधी तेल बघायची.

मृग लागला. बाकीची दोन घरं खाली उतरली. सासू नाही. आज काय गुडघा दुखतोय, उद्या काय मांजर व्यालंय. आर्द्रा निघाल्या, आषाढ लागला. फोनवर म्हणायची, "तेल सरळ हाय गो. फोटो बघतेस ना? मग कशाला येऊ?" आणि फोटोत तेल खरंच सरळ होतं. गेल्या वर्षीपेक्षाही सरळ. मला वाटलं, देवीनं ऐकलं. मी खोटी ठरले.

एका संध्याकाळी फोटो आला, तो बघून मी लेकीला म्हटलं, "बघ, आजी किती छान काढायला लागलीय. कडा पण कशा सरळ." आणि कडा म्हटल्यावर मी कडा बघितल्या. पणतीच्या खाली, उजव्या अंगाला, अगदी फोटो संपतो तिथं, लाल काहीतरी डोकावत होतं. मोठं करून बघितलं. कौलाचा तुकडा. पणतीखाली सारलेला, तेल समपातळीत राहावं म्हणून.

ती रात्र कशी गेली ते विचारू नका. सकाळी महाडच्या मैत्रिणीनं स्कूटी काढली. पावसात भिजत दोघी वाडीच्या खालच्या आळीत पोचलो. तिला मी तिथंच थांबवलं आणि एकटी वर चढले. वाटेत शिव्या जुळवत होते. फसवलंस, माझा जीव टांगणीला लावलास, लेकराच्या बापाला काय तोंड दाखवू, सगळं ठरवलं होतं.

सासू पडवीत बसली होती. समोर अंगण. पावसानं न भिजलेल्या वळचणीच्या जागेत शेणानं सारवलेला एक लांब पट्टा होता, ताजा, आणि त्याच्या मधोमध परत तडकलेला. कितीदा सारवलं असेल देव जाणे. मी सरळ वृंदावनापाशी गेले आणि पणतीखालचा तुकडा ओढून काढला. रात्रीचं उरलेलं तेल भसकन उजवीकडे आलं, काठावरून माझ्या बोटांवर सांडलं.

"माझ्यासाठी घातलास ना हा?" मी ओरडले. "मला फसवायला? फोटोत सरळ दिसावं म्हणून?"

ती उठली नाही. तिनं माझ्या हातावरच्या तेलाकडे बघितलं.

"फोटोसाठी नाय गो घातला," ती म्हणाली. "मलाच बघवत नव्हतं. एकटीनं दिवा लावायचा, आन रोज ते तेल तिकडं गेलेलं बघायचं. म्हटलं, निदान दिसूदे तरी सरळ."

माझ्या जुळवलेल्या शिव्या कुठं गेल्या कोण जाणे.

"आई, तुम्हाला भीती वाटते?"

"नाय तर काय? तुज्यापेक्षा जास्त वाटते. पण तू सारखी बोलतेस भ्या वाटतं, भ्या वाटतं. घरात एकीनं तरी गप बसाया नको?"

इतकी वर्षं एका चुलीपाशी बसलो आम्ही, आणि मला हे माहीत नव्हतं. मी तिच्या शेजारी पडवीत बसले. मागं डोंगरातून पाणी वाहत होतं, त्याचा आवाज नेहमीपेक्षा जवळ वाटत होता. मग तिनं हात पुढे केला. मी पणती दिली. तिनं ती पदरानं पुसली, वात काढून टाकली आणि पिशवीत ठेवली. मी कुलूप शोधायला वळले तर म्हणाली, "राहूदे. चल."

वाट निसरडी होती. तिनं माझा हात धरला, मी तिचा. खालची आळी येईपर्यंत दोघींनी तो सोडला नाही.